काविळीच्या घरात झोपेची गोळी

यकृताच्या रुग्णाची रात्रीची झोप का उडते आणि ती गोळीने का आणू नये

समजा, तुमच्या घरात लिव्हरचा पेशंट आहे. पोटात पाणी झाले आहे, डोळे पिवळट दिसतात, पायावर सूज आहे. एकदा सेलवासला नेऊन आणला, एकदा वलसाडला. पोटातले पाणी काढले, गोळ्या लिहून दिल्या, त्या चालू आहेत. आता गेल्या आठ दिवसांपासून एक नवीनच लचांड सुरू झाले आहे. रात्रभर तो झोपत नाही. उठतो, बसतो, ओटीवर जातो, दार उघडतो, मध्यरात्री चहा मागतो. आणि दिवस उजाडला की भिंतीला टेकून खुशाल घोरत पडतो. घरातल्यांचे काय? कुणाला पहाटे घोलवड-बोर्डीकडच्या चिकूच्या वाडीत तोडणीला जायचे असते, कुणाला उंबरगावच्या किंवा सरीगामच्या कंपनीत पहिली पाळी असते. तीन रात्री जागून काढल्या की चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतेच, "अरे, मेडिकलमधनं झोपेची गोळी आणा की. तो पण झोपेल, आपण पण झोपू."

ती गोळी आणू नका. लेख पुढे वाचायला वेळ नसेल तर एवढे लक्षात ठेवले तरी चालेल. यकृत खराब असलेल्या माणसाची रात्रीची झोप उडणे आणि दिवसा गुंगी येणे हे बहुतेक वेळा निव्वळ जागरण नसते. आजार मेंदूपर्यंत पोचू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. अशा वेळी दिलेली झोपेची गोळी त्या माणसाला झोपवत नाही, बेशुद्धीकडे ढकलते. घरच्यांना मात्र वाटते, बरे झाले, शांत झोपला.

हा दोष घरच्यांचा नाही. डोळे पिवळे का झाले हे डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा हेही सांगतात. पण "रात्री झोप लागली नाही तर गोळी देऊ नका, आधी मला दाखवा" हे वाक्य गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात सांगायचे राहून जाते. आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यावरून पुन्हा दाखवायला जायचे म्हणजे एक रोजगार बुडतो, जीपचे भाडे वेगळे. मग मेडिकल जवळचे वाटते.

एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे काविळ म्हटले की सगळे एकाच पोत्यात भरतात. पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे मुलाला झालेली काविळ बहुधा काही आठवड्यांत ओसरते. इथे बोलतो आहोत ते मुख्यतः यकृत आकसून कडक झालेल्या आजाराबद्दल, ज्याला डॉक्टर सिरोसिस म्हणतात. वर्षानुवर्षांची दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी हे विषाणू, मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्या जोडीने येणारी यकृतातली चरबी, ही त्याची नेहमीची कारणे. म्हणजे हा आजार फक्त पिणाऱ्याला होतो असे नाही. आयुष्यात दारूला न शिवलेल्या बाईलाही होतो, आणि गावात नाव मात्र दारूचेच घेतले जाते.

नाका बंद पडला की

दापचरीच्या तपासणी नाक्यावर तुम्ही कधी ना कधी ट्रकांच्या रांगा पाहिल्या असतील. आपल्या पोटातही असाच एक नाका आहे. आतड्यातून जे काही रक्तात शिरते, ते एका मोठ्या शिरेने आधी यकृतात येते. अन्न येते, औषध येते, दारू येते, आणि आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेला अमोनियाही येतो. यकृत या सगळ्याची झडती घेते. अमोनियाचे युरियात रूपांतर करते आणि तो युरिया लघवीवाटे बाहेर जातो. औषधे मोडते, निरुपयोगी करते आणि सोडून देते.

सिरोसिसमध्ये दोन गोष्टी घडतात. एक तर नाक्यावरची माणसे कमी होतात, म्हणजे काम करणाऱ्या पेशी मरतात. दुसरे असे की कडक झालेल्या यकृतातून रक्ताला वाट मिळेना, मग ते आडवाटा शोधते. हमरस्ता तुंबला की ट्रकवाले आतल्या रस्त्याने गाडी काढतात, तसेच. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या शिरा फुगतात त्या यामुळेच. झडती न झालेले रक्त परस्पर अंगभर फिरते आणि मेंदूत पोचते.

लंडनच्या डॉ. शीला शेरलॉक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये हे नीट मांडून दाखवले. यकृताच्या रुग्णांना मधूनच भ्रम होतो, ते मधूनच गुंगीत जातात, पुन्हा ताळ्यावर येतात. याचे मूळ डोक्यात नाही, आतड्यातून येऊन यकृताला चुकवून गेलेल्या पदार्थांत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे बारीकसारीक भर पुष्कळ पडली, पण तो गाभा टिकला. म्हणून तर या भ्रमावरचे मुख्य औषध आजही डोक्याचे नाही, पोट साफ करण्याचे आहे. त्याकडे पुढे येऊ.

हा भ्रम एकदम येत नाही. आधी झोपेचे वेळापत्रक उलटते. मग चिडचिड, विसरभोळेपणा, साध्या हिशेबात चूक. नेहमी पाच मिनिटांत बिडी वळणारा माणूस हातात पान घेऊन बसून राहतो. मग असंबद्ध बोलणे, कोपऱ्यात लघवी करणे, घरच्यांना न ओळखणे. शेवटी हाक मारली तरी न उठणे. पहिल्या पायरीवर ओळखले तर माणूस बहुधा सावरतो, शेवटच्या पायरीवर जिवाचा धोका असतो. झोपेची गोळी पहिल्या पायरीवरच्या माणसाला मधल्या पायऱ्या गाळून खाली नेते.

गोळी पोटात जाते, पण उतरत नाही

झोपेच्या आणि धास्तीच्या ज्या गोळ्या आपल्याकडे जास्त चालतात त्या बहुतेक एकाच घराण्यातल्या आहेत. क्लोरडायझेपॉक्साइड 1960 मध्ये बाजारात आले, डायझेपाम 1963 मध्ये. त्यांच्या मागोमाग नायट्राझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम अशी रांगच लागली. जुन्या झोपेच्या औषधांपेक्षा ही खरोखरच सुरक्षित होती, म्हणून डॉक्टरांनी ती भरपूर लिहिली आणि लोकांनी चिठ्ठीशिवाय भरपूर खाल्ली. "हलकी गोळी आहे, काही होत नाही" हे वाक्य तेव्हापासूनचे. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते थोडेफार खरेही असेल. यकृताच्या रुग्णाच्या बाबतीत नाही.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 1975 मध्ये डायझेपामची मोजणी प्रसिद्ध केली. घेतलेल्या औषधातले निम्मे अंगातून उतरायला निरोगी माणसांत सरासरी 46-47 तास लागत होते, म्हणजे जवळपास दोन दिवस. सिरोसिसच्या रुग्णांत त्यालाच 105 तासांवर, म्हणजे चार दिवसांहून अधिक वेळ लागत होता.

आता याचे गणित मांडून पाहा. रोज रात्री एक गोळी दिली असे धरा. आदल्या दिवशीची थोडी शिल्लक, त्याच्या आदल्या दिवशीची त्याहून थोडी कमी, अशी ती साठत जाते. निरोगी माणसात आठवड्याने अंगात एका वेळी साधारण तीन गोळ्यांइतके औषध असते, आणि ते तिथेच थांबते. सिरोसिसच्या रुग्णात आठवड्याने साडेचार गोळ्यांइतके होते आणि तिथे थांबतही नाही. तीन आठवड्यांत साडेसहा गोळ्यांच्या वर जाते. तुम्ही मात्र रोज एकच गोळी दिलेली असते. "एकच तर देतो" असे घरचे माणूस शपथेवर सांगते आणि ते खोटे नसते! शिवाय डायझेपाम मोडल्यावर जो पदार्थ तयार होतो तोही गुंगी आणणाराच असतो, आणि त्यालाही बाहेर काढायचे काम पुन्हा त्याच आजारी यकृताचे.

नवीन गोळी चांगली असते असेही समजू नका. झोल्पिडेम नावाची गोळी लवकर उतरणारी म्हणून नावाजली गेली. निरोगी माणसात ती सव्वादोन तासांत निम्मी होते. सिरोसिसमध्ये त्याला दहा तासांच्या आसपास लागतात. रात्री दहाला दिलेली गोळी सकाळी आठला निम्मी अंगात असते.

आणखी दोन गोष्टी याला जोडून आहेत. रक्तात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते, ते औषधाचा बराचसा भाग धरून ठेवते. ते यकृतातच तयार होते, आजारात कमी पडते, त्यामुळे मोकळे सुटलेले औषध वाढते. दुसरे म्हणजे, अमोनियाने आधीच मंदावलेला मेंदू अशा औषधाला जास्त दाद देतो. रक्तात औषध तेवढेच असले तरी गुंगी जास्त येते. तेव्हा "अर्धीच दिली" हीसुद्धा सबब नाही.

सगळी औषधे सारखीच अडकतात असे मात्र नाही. लोराझेपाम आणि ऑक्सॅझेपाम यांना मोडायची यकृताची पद्धत वेगळी आणि सोपी आहे, ती पद्धत आजारातही बरीच टिकून राहते. म्हणून यकृताच्या रुग्णाला असे औषध द्यायची वेळच आली तर डॉक्टर यातले निवडतात, थोडे देतात आणि लक्ष ठेवतात. पण ही निवड दवाखान्यातली आहे. काउंटरवर उभे राहून "ती लोराझेपामवाली द्या, ती चालते म्हणे" असे म्हणायला हा लेख नाही.

गुंगी आणणारे दुसऱ्या नावाने येते

झोपेची गोळी घरात आली नाही तरी गुंगी आणणारे औषध येऊ शकते. काविळीत अंगाला खाज सुटते, रात्री जास्तच. खाजेवर म्हणून फेनिरामाइन किंवा क्लोरफेनिरामाइनची गोळी आणली जाते, तीच सर्दीच्या गोळ्यांतही असते. तिने झापड येते हे तुम्हाला माहीत आहेच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. सांधेदुखी-कंबरदुखीला ट्रामाडॉल दिले जाते. ही सगळी यकृताच्या रुग्णाला गुंगीत नेऊ शकतात. कोडीन आणि ट्रामाडॉल शौचाला घट्ट करतात, तेही वाईटच. उलटीसाठी दिलेले प्रोमेथाझिनही याच माळेतले. खाजेवर यकृताला चालणारी वेगळी औषधे आहेत, ती डॉक्टरांकडून मागून घ्या.

रुग्ण बडबडायला, अंगावर यायला लागला की गावातल्या डॉक्टरला बोलावून "शांत व्हायचे इंजेक्शन" मारायला सांगतात. त्या डॉक्टरला आधी सांगा, की याला लिव्हरचा आजार आहे. न सांगता हट्ट धरला तर तो बिचारा तरी काय करणार? चार माणसे रुग्णाला धरून उभी असतात आणि सगळे त्याच्या सुईकडे पाहत असतात.

ताडीत कुणी काय घातले

आता आपल्या भागातली एक गोष्ट. झाईपासून चिंचणीपर्यंत आणि आत सायवन, उधव्यापर्यंत ताड आणि खजुरी हा आपल्या जगण्याचा भाग आहे. लग्नात, पाहुण्यात, कापणीच्या दिवसांत ताडी असते. झाडावरून सकाळी उतरवलेली ताडी आणि दुकानात मिळणारी 'ताडी' यात फरक करायला मात्र शिकले पाहिजे. महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाने क्लोरल हायड्रेट मिसळलेली ताडी वेळोवेळी पकडली आहे. पाणी घालून वाढवलेल्या ताडीला नशा यावी म्हणून ही पूड घालतात. काही वेळा तर झाडाचा रस नावालाच असतो.

हे क्लोरल हायड्रेट म्हणजे एक जुने झोपेचे औषधच आहे. 1869 मध्ये जर्मनीत ते झोपेसाठी वापरायला सुरुवात झाली, पुढे शंभर वर्षे दवाखान्यांतून चालले. यकृताचा आजार असणाऱ्याला ते देऊ नये असे वैद्यकाची पुस्तके स्पष्ट सांगतात. दारूबरोबर तर ते फारच वाईट. दारू आणि क्लोरल एकमेकांना अंगातून उतरू देत नाहीत, दोघांची गुंगी एकमेकांवर चढते. ताडीत दोन्ही एकत्रच मिळतात.

तेलंगणात या भेसळीने वेगळे वळण घेतले आहे. तिथे ताडीत अल्प्राझोलाम, म्हणजे वर सांगितलेल्या घराण्यातली गोळी, मिसळली जाते. 2015 मध्ये तिथे भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली, पुरवठा एकाएकी तुटला आणि रोज पिणारी माणसे थरथर, भ्रम, झटके घेऊन दवाखान्यांत येऊ लागली. आपण ताडी पितो असे त्यांना वाटत होते, प्रत्यक्षात रोज झोपेच्या गोळ्या चालल्या होत्या. जुलै 2025 मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात ताडी पिऊन माणसे मेली, तेव्हाही संशय भेसळीवरच गेला.

आपल्याकडे झाडे डोळ्यांसमोर आहेत, ताडी उतरवणारा ओळखीचा आहे, ही मोठी सोय आहे. पण हंगाम संपल्यावरही बारमाही मिळणारी ताडी, दिवसभर ठेवूनही आंबट न होणारी ताडी, एका ग्लासात पाय लटपटवणारी ताडी, हिचा संशय घ्यायलाच हवा. आणि लिव्हरच्या पेशंटला तर झाडावरची ताजी ताडीही नको. "ताडी थंड असते, ती बाधत नाही" असे सांगणारे भेटतात. उन्हं वर आली की तीच ताडी आंबून दारू होते, आणि आजारी यकृताला मोहाची काय, ताडीची काय, दारू ती दारूच.

दारू सोडताना

इथे एक अडचण येते, ती सांगितलीच पाहिजे. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसे दिसतात, काहींना फिट येते. यावरचा उपचार याच घराण्यातल्या औषधांनी होतो, आणि तो न केल्यास जीव जाऊ शकतो. मग काय करायचे? तर हे घरी करायचे नाही. दारू सुटण्याचा भ्रम आणि यकृताचा भ्रम वरवर सारखे दिसतात, औषध मात्र उलट. एकाला जे वाचवते ते दुसऱ्याला बुडवते. ओळखायचे काम डॉक्टरांवर सोडा. क्लोरडायझेपॉक्साइड हे दारू सोडवायला नेहमी दिले जाणारे औषध सिरोसिसमध्ये अंगात साठते, म्हणून शेजाऱ्याला दारू सोडताना दिलेल्या गोळ्या आपल्या माणसाला देऊ नका.

तसेच, कुणी महिनोन् महिने झोपेच्या गोळ्या घेतच असेल, तर हा लेख वाचून त्या आज रात्रीच बंद करू नका. एकदम बंद केल्यानेही फिट येते. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा.

हात पसरून पाहा

घरच्या घरी ओळखायची एक साधी पद्धत आहे. रुग्णाला दोन्ही हात समोर ताठ करायला सांगा आणि रस्त्यावरचा पोलीस गाडी थांबवतो तसे पंजे वर करायला लावा, बोटे फाकलेली. अर्धा मिनिट तसेच धरायला सांगा. पाखराने पंख मारावेत तसे पंजे मध्येच खाली पडून पुन्हा वर जाऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ज्याला लिहिता येते त्याची सही घ्या आणि जुन्या सहीशी ताडून पाहा. लिहिता येत नसेल तर आज वार कोणता, तलासरीचा बाजार कधी, पाचशेच्या नोटेतून एकशेवीस गेले तर किती राहिले, असे विचारा. तोंडाला गोडसर, कुबट वास येतो का तेही बघा.

आपल्याकडे असा माणूस बडबडू लागला की बाहेरचे लागले म्हणून भगताला बोलावतात. ज्याची श्रद्धा आहे त्याने बोलवावे, त्यावर वाद घालत नाही. फक्त गाडी आधी बोलवा. 108 ला फोन करून गाडी येईपर्यंत भगताला जे करायचे ते करू द्या. सकाळपर्यंत वाट पाहण्यात जी रात्र जाते, तीच महागात पडते.

भ्रम वाढायला बहुतेक वेळा काहीतरी निमित्त असते. बद्धकोष्ठ, ताप किंवा पोटातल्या पाण्यात झालेला जंतुसंसर्ग, उलट्या-जुलाब, लघवीच्या गोळ्यांनी अंगातले पाणी कमी होणे, किंवा आत रक्तस्राव. शौच डांबरासारखे काळे झाले तर आत रक्त वाहते आहे असे धरा आणि थांबू नका. झोपेचे औषध हेही या निमित्तांतलेच एक आहे, आणि एवढेच एक निमित्त आपण आपल्या हाताने आणून देतो.

मग झोपायचे कसे

लॅक्ट्युलोज नावाचे गोड, चिकट औषध डॉक्टर देतात. लोक ते 'जुलाबाचे औषध' म्हणून कंटाळून बंद करतात. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावे एवढ्या मात्रेत ते घ्यायचे असते, त्याने आतड्यातला अमोनिया बाहेर पडतो. पुष्कळांची उलटलेली झोप याच औषधाने ताळ्यावर येते. म्हणजे खरी झोपेची गोळी म्हणायची तर ही बाटलीच. मात्र पाण्यासारखे जुलाब होऊ लागले तर मात्रा कमी करायला विचारा, कारण त्यानेही अंग कोरडे पडते.

लघवीची गोळी संध्याकाळी घेत असाल तर रात्रभर उठावे लागणारच. ती सकाळी घेतली तर चालेल का ते विचारून घ्या, बहुधा चालते. दिवसा त्याला अंधाऱ्या खोलीत पडू देऊ नका. अंगणात उजेडात बसवा, चार माणसांत बोलते ठेवा, जमेल तेवढे चालवा.

जेवणाबद्दल जुनी समजूत अशी की लिव्हरच्या माणसाला डाळ बंद, फक्त भात आणि उसाचा रस. डॉक्टरही एके काळी असेच सांगत. आता तसे सांगत नाहीत, कारण उपाशी अंग स्वतःचेच मांस खाते आणि अमोनिया उलट वाढतो. तूर, उडीद, मूग, दूध, अंडे चालते, पचेल तसे. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खायला द्या. नाचणीची भाकरी, कांजी, काहीही. यकृताच्या रुग्णाला लांबलचक उपास सोसत नाही आणि रात्र हाही उपासच असतो. मीठ मात्र खरोखरच कमी हवे, त्यामुळे खारवलेले मासे आणि लोणचे बंद. किनाऱ्यावरच्या घरांना हे जड जाते, पण पोटात पाणी भरते ते त्यामुळेच.

नेताना बरोबर काय न्यावे

डहाणूचे किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय असो, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय असो, की सीमेपलीकडे वापी, वलसाड, सेलवास असो, घरात असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून बरोबर न्या. रिकामी पाकिटेसुद्धा. कोणती गोळी कधीपासून आणि शेवटची केव्हा दिली हे डॉक्टरांना कळले की पुढचा अर्धा गोंधळ वाचतो. या घराण्यातल्या गोळ्यांची गुंगी काही वेळापुरती उतरवणारे फ्लुमाझेनिल नावाचे इंजेक्शन असते. ते द्यायचे की नाही हे ठरवायलाही गोळीचे नाव लागते.

मेडिकलवाल्यांशीही थोडे बोलू. डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन ही औषधे 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन खाली आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव, औषध आणि किती दिले हे वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. हा नियम कागदावरचा आहे म्हणून सोडून देऊ नका. वहीत नाव लिहिताना "घरात कुणाला काविळ, पोटात पाणी आहे का?" एवढा एक प्रश्न काउंटरवरून विचारला जावा. गिऱ्हाईक ओळखीचेच असते, उत्तर बहुधा खरे मिळते.

आणि दवाखान्यात ताडी-दारूबद्दल विचारले तर लपवू नका. किती, केव्हा, कुठून आणलेली, सगळे सांगा. रुग्ण स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसतो आणि बायको सासऱ्यांसमोर बोलत नाही, असे होते. तेव्हा जो बरोबर जाईल त्याने निघण्याआधी घरात विचारून घ्यावे.